कलम सातनुसार आंघोळ

नियम तिथे पळवाट, असं म्हणणाऱ्यांनी बूचरावांनी लिहिलेला नियम कधी वाचलेला नसतो.

बूचराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आईबापांनी चारचौघांसारखं चांगलं नाव ठेवलं होतं. पण पाणीपुरवठा कार्यालयात सव्वीस वर्षं हेडक्लार्की केल्यावर ते नाव पगारपत्रकापुरतं उरलं. कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक परिपत्रकाचा मसुदा त्यांच्या हातचा, आणि मसुद्यात म्हणून कुठे भोक राहू द्यायचं नाही हा त्यांचा बाणा. म्हणून बूच. एकदा पाइपने गाड्या धुण्यावर बंदी आली. लोक बादलीने धुवायला लागले. बूचरावांनी नियमात बादली घातली. लोकांनी मग तांब्या काढला. तेव्हा बूचरावांनी "पाइप, बादली, तांब्या, वाटी अथवा द्रव पदार्थ धारण करण्यास समर्थ असे अन्य कोणतेही साधन" असं लिहून शहरातल्या तमाम गाड्या सहा महिने धुळीत ठेवल्या. त्यात साहेबांचीही गाडी होती. साहेब चार दिवस ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसले आणि शेवटी बसने यायला लागले.

तर अशा या बूचरावांच्या हवाली नऊ कुंड्या करून त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. दोन महिन्यांसाठी, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. बाळांना वेळकाळ कुठे कळतो?

निघायच्या दिवशी बॅगा दारात ठेवून ती बूचरावांना बाल्कनीत घेऊन गेली. "हे बघा, सकाळी ऊन चढायच्या आत पाणी घालायचं. आणि पाणी कुठलं घालायचं ते नीट ऐका—"

"अगं, अख्ख्या शहराला पाणी पाजतो मी," बूचराव म्हणाले. "तुझ्या नऊ कुंड्यांचं काय घेऊन बसलीस!"

वास्तविक बूचरावांनी शहराला आजवर फक्त परिपत्रकं पाजली होती. पण बायकोने ते काढलं नाही. ती मोगऱ्याच्या कुंडीपाशी जरा थांबली. तिच्या आईच्या अंगणातल्या मोगऱ्याची ती फांदी. आई गेली, घर विकलं गेलं, अंगणात आता कुणाची तरी गाडी उभी असते. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते या कुंडीत होतं.

"बाकीची गेली तरी चालतील," ती म्हणाली. "हा तेवढा जगवा."

"लेखी देऊ का?"

"लेखी नको. पाणी घाला."

पहिले तीन आठवडे बूचरावांनी पाणी घातलं, आणि नऊ कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माणसाला जेवढा गर्व होणं शक्य आहे तेवढा करून घेतला. कार्यालयात ते "आमची बाग" म्हणायला लागले. रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा, "मोगरा कसा आहे?" आणि बूचराव म्हणायचे, "मजेत." त्यांच्याविषयी मात्र ती शेवटी विचारायची, तेही फोन ठेवता ठेवता.

मग ऊन पेटलं. पारा त्रेचाळीसवर गेला आणि तिथेच पाट मांडून बसला. दाराच्या कड्या हाताला चटके देऊ लागल्या, नळातून गार पाणी म्हणून जे यायचं त्यात चहाची पूड टाकली असती तर भागलं असतं. धरणाचा तळ दिसायला लागला. साहेबांनी बूचरावांना बोलावलं आणि झाडांना पिण्याचं पाणी घालण्यावर बंदीचा मसुदा मागितला. "या वेळी भोक नको हं," साहेब म्हणाले. हे म्हणजे माशाला पोहायला सांगण्यापैकी होतं.

बूचरावांनी एकाच दुपारी चौदा कलमं पाडली. कलम तीनमध्ये झाडाची व्याख्या अशी केली, की उशीत भरलेला कापूस तेवढा सुटला. कलम सातमध्ये दया म्हणून वापरलेलं पाणी झाडांना घालायची मुभा दिली, पण लगेच पुढे बूच मारलं: "सदर पाणी प्रत्यक्ष वापरलेले असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी वापरकर्त्याची राहील." आणि कलम अकरा तर त्यांचं लाडकं: "या कार्यालयाचा कर्मचारी दोषी आढळल्यास त्याचे नाव कार्यालयाच्या दर्शनी फलकावर लावण्यात येईल." साहेबांनी सही केली. बूचराव शीळ घालत घरी आले, शर्ट काढला, तांब्या भरून बाल्कनीत गेले, मोगऱ्यावर हात वाकवला आणि तसेच उभे राहिले.

दुसरा कुणी असता तर इकडेतिकडे बघून तांब्या ओतून मोकळा झाला असता. अर्ध्या शहराने तेच केलं. पण बूचरावांना प्रामाणिकपणाची जुनी खोड होती. शिवाय त्यांची बाल्कनी समोरच्या इमारतीतल्या, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बाल्कनीच्या थेट समोर यायची. सेक्रेटरी निवृत्त होते आणि त्यांच्याकडे दुर्बीण होती. पक्षी बघायला, असं ते सांगत. त्या उन्हात एकही पक्षी बाहेर पडत नव्हता, पण दुर्बिणीला खाडा नव्हता. परिपत्रक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ते खाली फलकावर लावलं, वर लाल पेनने कलमांखाली रेघा मारल्या. त्या संध्याकाळचं तांब्याभर पाणी शेवटी बूचरावांनी स्वतः पिऊन टाकलं होतं.

आता वापरलेलं पाणी आणायचं कुठून? बायको गेल्यापासून कपडे लाँड्रीत जात होते. जेवण कार्यालयाच्या कँटीनमध्ये. घरात भांडी पडायची ती एक कप आणि एक चमचा. त्या पाण्यात मोगरा काय, मुंगीसुद्धा भिजली नसती. उरली आंघोळ.

पण आंघोळीच्या पाण्यात साबण, आणि साबण झाडाला चालतो का हा प्रश्न आला. बायकोला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण शहराला पाणी पाजणाऱ्या माणसाने बायकोला विचारायचं, की कुंडीला पाणी कुठलं घालू? त्यापेक्षा बूचरावांनी सगळ्या जगाला विचारलं. जगाला काय, सल्ला द्यायला झाड लागतं असं थोडंच आहे! सेक्रेटरी म्हणाले, फांद्या सगळ्या छाटून टाका. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, छाटलंत तर मेलंच समजा, त्यापेक्षा घरात घ्या. कार्यालयातल्या टायपिस्ट बाई म्हणाल्या, घरात घेतलंत तर मेलंच समजा, त्यापेक्षा झाडाशी बोला, त्याला माया कळते. बूचराव दोन सकाळी मोगऱ्याशी बोलले. विषय सुचेना तेव्हा त्यांनी त्याला परिपत्रक वाचून दाखवलं. कलम नऊपर्यंत तीन पानं गळली.

शेवटी ते कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडे गेले. रोपवाला बंदीमुळे रिकाम्या कुंड्या मांडून बसला होता, आणि ही बंदी ज्याने लिहिली त्याला तो सकाळपासून शिव्या देत होता. बूचरावांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि साबणाचं विचारलं.

"साबण?" रोपवाला म्हणाला. "घाला की. घाला आणि हात जोडा. आठ दिवसांत काडी होईल."

झालं. त्या दिवसापासून बूचराव बिनसाबणाची आंघोळ करायला लागले.

आंघोळीचं पाणी धरायचं कशात, हा पुढचा प्रश्न. घरात त्या मापाची एकच वस्तू होती: नातवंडासाठी आणलेला, प्रवासात न मावल्याने मागे राहिलेला प्लास्टिकचा टब. फिकट निळा, आतून दोन बदकं. सहा महिन्यांच्या बाळासाठी, असं त्यावर छापलेलं होतं. चोपन्न वर्षांचे, ऐंशी किलोचे बूचराव रोज सकाळी त्या टबात गुडघे हनुवटीला लावून बसत आणि डोक्यावर दोन तांबे ओतून घेत. मग उठायचं कसं हा रोजचा पेच. उठले की टब त्यांच्याबरोबर उठायचा. नळाला धरून, भिंतीला रेटा देऊन, त्यातून सुटका करून घ्यायची, आणि मग तो भरलेला टब पोटाशी धरून, टॉवेल दातात धरून, दिवाणखान्यातून बाल्कनीपर्यंत वाहून न्यायचा. सव्वीस वर्षं ज्यांनी शिपायाकडून पेन्सिल मागवली त्यांच्यावर ही वेळ आली.

एका आंघोळीत नऊ कुंड्या भागेनात. आधी शेवंती गेली, मग कोरफडीशेजारचं ते नाव नसलेलं काहीतरी, मग वाळणार नाही असं सगळे म्हणाले ती कोरफडही. बूचरावांनी मन घट्ट केलं आणि सगळं पाणी मोगऱ्याला लावलं. तरी दुपारी तो मान टाकायचा. मग त्यांनी दोनदा आंघोळ करायला सुरुवात केली, पुढे तीनदा. चौदा कलमांत आंघोळीच्या संख्येवर मर्यादा घालायची तेवढी राहून गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मसुद्याला भोक पडलं होतं आणि त्यातून आत शिरणारा पहिला माणूस तेच होते. याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी स्वतःलाच उद्देशून दुरुस्तीचं टिपण लिहिलं आणि खणात दडवलं.

दिवसातून तीनदा आंघोळ करणारा माणूस खरं म्हणजे लखलखीत दिसायला हवा. पण त्रेचाळीस डिग्रीत, साबणाशिवाय, पाच आठवडे? कार्यालयात आधी टायपिस्ट बाईंनी पंख्याची दिशा बदलली. मग त्यांनी टेबलाची दिशा बदलली. कँटीनमध्ये बूचराव बसले की त्या बाजूची माणसं घाईघाईने जेवण संपवायची. साहेब एक दिवस म्हणाले, "फाइल दारातूनच द्या. तुमच्या अक्षरावर माझा विश्वास आहे." बूचरावांना वाटलं, हा मान आहे. चार दिवसांनी खरं काय ते लक्षात आलं आणि मग मात्र त्यांना फार लागलं. पण मोगरा हिरवा होता. रोज संध्याकाळी फोन यायचा, "मोगरा कसा आहे?" आणि ते छाती काढून म्हणायचे, "मजेत." मधल्या काळात नात झाली. ती कशी आहे हेही त्यांनी विचारलं, आणि तीही मजेत होती.

घोटाळा झाला तो टबाच्या हिंदकळण्याने. बाल्कनीतून रोज तीनदा पाणी ठिबकायचं ते खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर. काकूंनी चादर नाकाला लावून बघितली आणि तडक सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरींनी दुर्बीण लावली. सगळ्या इमारतीच्या कुंड्यांत काटक्या, आणि बूचरावांच्या बाल्कनीत हिरवागार मोगरा, वर कळ्या! त्यांनी कलम नऊनुसार तक्रार ठोकली. कलम नऊ असं होतं, की केलेली तक्रार मागे घेता येणार नाही. तेही बूचरावांचंच.

रविवारी सकाळी दहाला दारावर निरीक्षक बाई. खांद्याला पिशवी, हातात छापील नमुना. मागे पंच म्हणून सेक्रेटरी आणि काकू. बाई फिरत्या पथकात नव्यानेच लागल्या होत्या. त्यांनी बूचरावांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मोगरा पाहिला, कुंडीतल्या मातीत बोट घातलं आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

"आंघोळीचं. वापरलेलं," बूचराव म्हणाले.

"पुरावा?"

"अहो, आता आंघोळीचा पुरावा काय असणार?"

बाईंनी कागद उलटला आणि कलम सात मोठ्याने वाचलं. "सिद्ध करण्याची जबाबदारी वापरकर्त्याची राहील. मी तरी काय करू, काका? वाक्य असं आवळून बांधलंय, की जागचं हलता येत नाही. कोण असली कलमं लिहितं कोण जाणे!"

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. पण दाद मिळाली की कलावंताला राहवत नाही. "मी लिहिलंय ते," बूचराव म्हणाले.

बाईंनी नमुन्यावरचं नाव पुन्हा वाचलं. मग कलम अकरा वाचलं. "म्हणजे सिद्ध झालं नाही तर तुमचं नाव तुमच्याच कार्यालयाच्या फलकावर?"

"हो," बूचराव म्हणाले, आणि त्यांना घाम फुटला. काकू जरा मागे सरकल्या.

"मग एकच उपाय आहे," बाई म्हणाल्या. "आंघोळ करून दाखवा. पंचांसमक्ष."

"अहो, पण काकू आहेत! तुम्ही आहात!"

"आम्ही पाठ करून बसतो. आवाज नोंदवता येतो. सेक्रेटरी दारात उभे राहतील."

"माझ्याकडे दुर्बीण आहे, लांबून बघू शकतो," सेक्रेटरी उत्साहाने म्हणाले.

"काही नको लांबून!" बूचराव ओरडले. पण मग त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं. कलम बारानुसार पाणी सिद्ध न झाल्यास झाड जप्त होणार होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे रिकामी कुंडी आली आणि कुंडीसमोर उभी असलेली बायको आली. ते गुपचूप उठले, अर्धी चड्डी चढवली आणि बाळाचा टब घेऊन न्हाणीघरात शिरले.

बाहेर खुर्च्यांवर बाई आणि काकू पाठमोऱ्या बसल्या. दारात सेक्रेटरी, गंभीर चेहऱ्याने. "इसम टबात बसत आहे," ते सांगू लागले आणि बाई लिहू लागल्या. "टबात बदकं आहेत. दोन. इसम अडकला आहे. नाही, बसला."

"एक तांब्या," काकू म्हणाल्या. "दुसरा. साबणाचा वास येत नाही हो."

"त्याची नोंद घेते," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. काकू जवळ होत्या, त्यांनी उचलला. पडद्यावर बूचरावांची बायको, कडेवर बाळ.

"वहिनी तुम्ही! कशी आहे नात? तुमचे हे ना? आंघोळ करतायत. नाही नाही, आत्ता नाही बोलता येणार त्यांना, आम्ही तिघं ऐकत बसलोय ना. सरकारी काम आहे."

पलीकडे बाळ लेकीच्या हातात गेलं. मग बायको म्हणाली, "त्यांना सांगा, मी गुरुवारी येते."

आतून मोठा धप्प असा आवाज आला. "इसम टबासह पडला," सेक्रेटरींनी सांगितलं. "पाणी वाचलं."

गुरुवारी संध्याकाळी बायको आली. बूचराव दार उघडून बाजूला उभे राहिले. बोलायची जुळवाजुळव त्यांनी सकाळपासून केली होती. पण खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती सरळ बाल्कनीत गेली. आठ कुंड्यांत आठ काटक्या होत्या. नवव्या कुंडीत मोगरा फुलला होता, एवढा की पानं शोधावी लागत होती. ती खाली बसली आणि तिने तोंड त्या फुलांत घातलं. उठली तेव्हा डोळे ओले होते.

"आईकडे असाच फुलायचा," ती म्हणाली.

तीस वर्षांत बूचरावांना एवढं कृतार्थ कधी वाटलं नव्हतं, कलम अकरा सुचलं तेव्हाही नाही. ते दोन पावलं पुढे झाले. बायको दोन पावलं मागे झाली.

"अहो, हा वास कसला?"

"मोगऱ्याचा."

"मोगऱ्याचा नव्हे. तुमचा. साबण नाही का घरात?"

"आहे की. पण साबणाने झाड मरतं," बूचराव म्हणाले. "पाच आठवडे अंगाला साबण लावलेला नाही मी. या झाडापायी."

बायकोने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "कुणी सांगितलं मरतं म्हणून? बारा वर्षं मी त्याला कपडे खळबळल्याचं साबणाचं पाणीच घालतेय. जायच्या दिवशी तेच तर सांगत होते. तुम्ही मध्येच शहराला पाणी पाजायला निघालात."

बूचराव आत गेले आणि सवयीने टबातच बसले. न्हाणीघरातून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. त्यांनी दोनदा साबण लावला. बाहेरून हाक आली, "तिसऱ्यांदाही लावा!" त्यांनी तिसऱ्यांदाही लावला.

बाहेर आले तेव्हा बायको टेबलापाशी बसली होती. हातात निरीक्षक बाईंनी ठेवलेली पंचनाम्याची प्रत. ती वाचत होती आणि हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती आणि पुन्हा वाचत होती. "'सदर इसमाने पंचांसमक्ष आंघोळ केली. साबण वापरला नसल्याची बाब पंचांनी नाकाने पडताळून पाहिली. झाड जप्त करण्याचे कारण दिसत नाही.'"

"फाडून टाक तो कागद," बूचराव म्हणाले.

"फाडू कशाला?" तिने त्याची नीट घडी केली, कपाट उघडलं आणि आईच्या फोटोमागे ठेवून दिली. "तीस वर्षं तुम्ही म्हणता, माझा तुझ्यावर जीव आहे. सिद्ध करायची जबाबदारी तुमचीच होती ना? मिळाला आज लेखी पुरावा."

बूचरावांनी घसा साफ केला, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पण ती नुसती प्रत आहे, हं. मूळ कागद ऑफिसात असतो. प्रतीवर शिक्का नसेल तर ती—"

"गप्प बसा," बायको म्हणाली, आणि मोगऱ्याला घालायला साबणाच्या पाण्याचा टब उचलून आणायला गेली.